भाऊ पोलिसांना बातम्या देतो. त्याचं नाव कोर्टात येईल का?

प्रश्न ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला राहणाऱ्या एका ताईंचा आहे. त्यांचा धाकटा भाऊ रिक्षा चालवतो. दीड वर्षापासून तो गुन्हे शाखेतल्या एका साहेबांना बातम्या देतो, हे त्यांना आत्ता कळलं. गेल्या महिन्यात त्याच्या बातमीवरून गांजा पकडला गेला आणि तेव्हापासून ताईंची झोप उडाली आहे. चार्जशीटमध्ये भावाचं नाव येईल का, त्याला कोर्टात बोलावतील का, सरकारकडून पैसे किंवा संरक्षण मिळतं का, जागोजागी सीसीटीव्ही असताना पोलिसांना खबरी लागतातच कशाला, आणि आता त्याला यातून बाहेर पडता येईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी सरळ उत्तर देतो. भावाचं नाव चार्जशीटमध्ये येणार नाही आणि त्याला साक्षीलाही बोलावणार नाहीत. अट एकच: त्याने फक्त बातमी दिलेली असावी, पुढच्या कारवाईत हात घातलेला नसावा. या अटीकडे मी परत येणार आहे, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. पण नाव कागदावर न येणं वेगळं आणि लोकांना न कळणं वेगळं. मी ३१ वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली निम्म्याहून जास्त ठाणे आयुक्तालयात, बहुतेक डीबी पथकात, म्हणजे पोलीस ठाण्याच्या तपास पथकात, आणि गुन्हे शाखेत. माझ्या पाहण्यात ज्या ज्या खबरीवर बेतलं, त्यांच्यापैकी एकाचंही नाव कुठल्या कागदावर नव्हतं.

कायद्याचं आधी संपवतो. पूर्वी ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, तेव्हा ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३१ मध्ये गेली. मतलब तोच आहे: गुन्ह्याची बातमी कुठून मिळाली हे सांगायला पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. गांजाच्या केसला तर दुहेरी कुलूप आहे, कारण १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातही कलम ६८ मध्ये हीच गोष्ट वेगळी लिहिलेली आहे. कुणी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला, तरी कलम ८(१)(जी) खाली गुप्त माहिती देणाऱ्याची ओळख पटेल अशी माहिती नाकारता येते.

ठाण्याच्या सेशन कोर्टात पिंजऱ्यात उभं राहून या प्रश्नाला मी किती वेळा तोंड दिलं, मोजलेलं नाही. ‘बातमी कोणी दिली?’ ‘सांगू शकत नाही.’ ‘पुरुष होता की बाई?’ ‘सांगू शकत नाही.’ ‘असा कुणी बातमीदार नव्हताच, तुम्ही पोलीस ठाण्यात बसून हे लिहिलंत, असं माझं म्हणणं आहे.’ ‘हे म्हणणं खोटं आहे.’ एवढं झालं की वकीलसाहेब पुढच्या मुद्द्यावर जातात. त्यांनाही कलम पाठ असतं. मात्र ‘पुरुष की बाई’ हा प्रश्न साधा समजू नका. नवखा अधिकारी तिथे गाफील राहतो, ‘पुरुष’ म्हणून मोकळा होतो, आणि आरोपीच्या मनातल्या यादीतून निम्मी माणसं कमी होतात.

इथे लोकांचा एक गोंधळ होतो तो सांगून टाकतो. एफआयआरला मराठीत आपण ‘प्रथम खबर’ म्हणतो, त्यामुळे खबर देणारा म्हणजे खबरी असं वाटतं. तसं नाही. एफआयआर देणारा तो फिर्यादी. त्याचं नाव, पत्ता, सही सगळं उघड असतं आणि तो पहिला साक्षीदार असतो. गांजाच्या केसमध्ये बहुतेक वेळा छाप्यातला हवालदार किंवा पीएसआयच सरकारतर्फे फिर्याद देतो. तुमच्या भावाचा या सगळ्याशी संबंध नाही. तो तिसराच माणूस आहे, कागदाच्या बाहेरचा.

कागदावर तो कसा दिसतो? कुठलीही छाप्याची फिर्याद काढून वाचा. ‘आमच्या खास बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली की, एक इसम, अंगात निळा टी-शर्ट, पाठीवर काळी सॅक, अशा वर्णनाचा, अमुक ठिकाणी अमली पदार्थ विक्रीकरिता येणार आहे. सदर बातमीचा आशय वरिष्ठांना कळवून, दोन पंचांना बोलावून, सापळा रचला असता...’ वर्षानुवर्षं हीच भाषा चालत आली आहे. एनडीपीएसमध्ये एक जादा बंधन आहे. कलम ४२ खाली बंद जागेत किंवा वाहनात झडती घ्यायची असेल, तर मिळालेली बातमी आधी लिहून काढावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे जावी लागते. हे काटेकोर पाळलं नाही म्हणून किती चांगल्या केसेस कोर्टात मातीमोल झाल्या! २००९ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केलं की उशीर झाला तर त्याचा खुलासा चालेल, पण काहीच केलं नसेल तर चालणार नाही. त्यामुळे बातमीची ती नोंद चार्जशीटला लागते आणि चार्जशीटची प्रत आरोपीला मिळते.

आता कल्पना करा, तो माणूस आत बसलाय. त्याच्याकडे वेळच वेळ आहे. वकील केसच्या दृष्टीने वाचतो, न्यायाधीश कायद्याच्या दृष्टीने वाचतात, पण आरोपी ते कागद एकाच प्रश्नासाठी वाचतो: हे कुणाला माहीत होतं? निळा टी-शर्ट मी त्या दिवशी घातला हे कुणी पाहिलं? बातमी दुपारी सव्वाचारला मिळाली असं लिहिलंय, मग चारला माझ्याबरोबर कोण होतं? पोलिसांच्या कागदांचा एवढा बारकाईने वाचणारा वाचक दुसरा नाही. म्हणून बातमीची नोंद लिहायची तर खरी, पण जेवढी लागते तेवढीच. हे कसब कुठल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवत नाहीत. एखादा जुना जमादार शिकवतो, नाहीतर चूक शिकवते.

मला चुकीने शिकवलं. मी पीएसआय म्हणून नवा होतो. भिवंडीत कापडाचे चोरलेले तागे एका बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये ठेवलेत अशी बातमी एका हमालाने दिली. त्या भागात यंत्रमागाची खटखट दिवसरात्र चालते, बंद शेड म्हणजे शांत जागा, तिकडे कुणी फिरकत नाही. बातमी चारच्या सुमारास मिळाली, सातला आम्ही आत होतो. ताग्यांवर कारखान्याचे शिक्के तसेच होते. वरिष्ठांनी पाठ थोपटली. रात्री लॉकअपमध्ये शेडवाल्याला चहा दिला, तेव्हा तो काही बोलला नाही, शिवीगाळ नाही की काही नाही. भिंतीला टेकून बसला होता आणि अंगठ्याने त्याच हाताची बोटं मोजत होता. एक, दोन, तीन. परत एक, दोन, तीन. मला तेव्हा कळलं नाही. माल तिथे आहे हे त्याच्याशिवाय तिघांनाच माहीत होतं: त्याचा मेहुणा, टेम्पोवाला आणि हमाल. मेहुणा आणि टेम्पोवाला आमच्याच लॉकअपमध्ये होते.

दोन-अडीच आठवड्यांनी तो हमाल अंजूरफाट्याजवळ पडलेला सापडला. गुडघा फुटलेला. टेम्पोवरून पडलो, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं, घरी सांगितलं आणि मी भेटायला गेलो तर मलाही तेच सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हता. तक्रार दिली नाही. त्यानंतर पाठीवर ओझं घेणं त्याला कधी जमलं नाही. त्याचं नाव कुठे आलं होतं का? कुठेच नाही.

काय करायला हवं होतं, ते पुढे एका हवालदारांनी मला चार वाक्यांत सांगितलं. माल हलेपर्यंत थांबायचं. टेम्पो मानकोली नाक्यावर येऊ द्यायचा. त्या रात्री तिथे नाकाबंदी लावून आधी दहा गाड्या तपासायच्या, मग ही. फिर्यादीत ‘बातमी मिळाली’ हेच लिहायचं, खोटं काही लिहायचं नाही, पण वेळ आणि जागा अशी निवडायची की ती बातमी दहा जणांपैकी कुणीही दिलेली असू शकेल. शेजाऱ्याने, गॅरेजवाल्याने, माल विकत घेणाऱ्याने. बातमी दहा जणांत विरघळली पाहिजे. तीन माणसांना माहीत असलेल्या गोष्टीवर छापा टाकणं म्हणजे खबरीचं नाव भोंग्यावर सांगणं आहे.

म्हणून ताई, भावाला कलमं विचारू नका. एवढंच विचारा: गांजा तिथे आहे हे आणखी कितीजणांना माहीत होतं? त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं की रिक्षात बसलेल्या कुणाकडून ऐकलं होतं? आणि पकडल्यावर तो त्या गल्लीत गेला होता का? नेहमीचा स्टँड सोडून चार दिवस गायब होणारा रिक्षावाला सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. गांजा २० किलोहून जास्त असेल तर ती व्यापारी मात्रा होते. मग एनडीपीएसच्या कलम ३७ मुळे जामीन सहजी होत नाही आणि चार्जशीटला १८० दिवसांपर्यंत मुदत असते. म्हणजे आरोपी बराच काळ आत, आणि त्याच्या हातात कागदही उशिरा. तेवढ्या दिवसांत भावाने रोजच्यासारखं त्याच स्टँडवर, त्याच वेळेला उभं राहावं, हे उत्तम.

आता ती अट. बातमी देणं आणि कारवाईत भाग घेणं यांच्यामध्ये जी रेघ आहे, ती ओलांडली की कलम १३१ कामाला येत नाही. एखाद्या लॉजवर छापा टाकायचा असतो, तेव्हा बोगस गिऱ्हाईक पाठवतात. त्याच्याजवळच्या नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहितात. तो माणूस प्रत्यक्ष साक्षीदार आहे, त्याचा जबाब होतो, नाव येतं, कोर्टात उलटतपासणी होते. काही अधिकारी सोय बघतात आणि बातमी देणाऱ्यालाच गिऱ्हाईक करून पाठवतात. ‘तुला ओळखतात, तुलाच माल देतील’ असं पटवतात. आरोपी पकडला जातो, खबरी बातमीदार म्हणूनही जळतो आणि साक्षीदार म्हणूनही. पंच म्हणून खबरीला उभं करणं हा त्याहून वाईट प्रकार. केसही जाते आणि माणूसही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे गुन्हा घडवून आणणं. जो माल विकतो त्याला पकडायला सापळा लावणं वेगळं, आणि जो विकत नव्हता त्याला ‘आणून दे ना, मी दुप्पट देतो’ म्हणून मागे लागून आणायला लावणं वेगळं. १९५६ मध्येच सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात यावर कडक शब्दांत लिहून ठेवलंय, की माणूस कसाही असला तरी त्याला मुद्दाम मोहात ढकलून मग पकडणं हे पोलिसांचं काम नव्हे. डिटेक्शनचे आकडे दाखवायची घाई असलेल्या साहेबांना हे आठवत नाही. खबरीने मात्र लक्षात ठेवावं. भावाला कुणी म्हणालं, ‘माल तुझ्या रिक्षात घेऊन नाक्यापर्यंत ये, पुढचं आम्ही बघतो’, तर त्याने नाही म्हणावं. रिक्षात माल सापडला की त्या क्षणी तो आरोपी आहे, आणि ‘मी साहेबांचा माणूस’ हा कायद्यात बचाव नाही. पोलीस कुणाला माफी देऊ शकत नाहीत. माफीचा साक्षीदार करायचा अधिकार मॅजिस्ट्रेटचा किंवा कोर्टाचा, आणि तोही त्याने आपला सहभाग पूर्ण आणि खरा सांगितल्यावर.

पैशांचं विचारलंत. वाटतं तेवढे मिळत नाहीत. गुप्त बातमीसाठी खात्यात निधी असतो, पण तो वरच्या पातळीवर, आणि खाली झिरपेपर्यंत त्याचं काय होतं ते मी लिहीत नाही. तपास पथकातला अधिकारी बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून शे-पाचशे, एखादा सण असेल तर जरा जास्त, असं देतो. कस्टम्सचं वेगळं आहे. तिथे जप्त मालाच्या विक्रीतून बातमीदाराला २० टक्क्यांपर्यंत बक्षीस देण्याची लेखी पद्धत आहे, म्हणून न्हावा-शेवा बंदराच्या आसपासच्या बातम्या पोलिसांकडे येण्याआधी त्यांच्याकडे जातात. आयकर खात्याने २०१८ मध्ये बक्षीस योजना आणली, तीत बेनामी मालमत्तेच्या बातमीला १ कोटीपर्यंत आणि परदेशातल्या काळ्या पैशाच्या बातमीला ५ कोटींपर्यंत मर्यादा ठेवली. रिक्षा स्टँडवरच्या बातमीला असलं काही नाही.

खरी बिदागी नोटांत नसते. ‘साहेब, माझी गाडी टो करू देऊ नका.’ ‘मेहुण्यावर चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई झालीय, जरा बघा.’ ‘माझ्या पानटपरीवर पालिकेची गाडी येते.’ खबरी हेच मागतो, आणि अधिकारीही हे सहज देतो, कारण त्याच्या खिशातून काही जात नाही. माझं मत विचाराल तर सगळी कीड इथून लागते. आज टपरी सोडली, उद्या टपरीतला गुटखा सोडला, परवा त्याने बाजूच्या टपरीवाल्याला दम दिला की ‘साहेबांना सांगीन’. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, आणि गुटख्याच्या बातम्या सगळ्यात सोप्या मिळतात. का मिळतात ते सांगतो. एकदा आम्हाला टेम्पोचा नंबर, निघायची वेळ, ताडपत्रीचा रंग, वरती ठेवलेल्या बिस्किटांच्या खोक्यांची रांग किती, इथपर्यंत बातमी आली. इतकी बारीक बातमी आली की मला आनंद होत नाही, पोटात गोळा येतो. टेम्पो पकडला. पंधरा दिवसांत दुसरा. सहा महिन्यांनी लक्षात आलं, की ज्याचे टेम्पो आम्ही पकडत होतो त्याचा धंदा बसला आणि बातमी देणाऱ्याच्या चुलत भावाचा तिप्पट झाला. आमच्या काठीने त्याने काटा काढला होता, आणि वर आमच्याकडून चहाही प्यायला होता.

तेव्हापासून पहिला प्रश्न हाच: ही बातमी खरी ठरली तर फायदा कुणाचा? सूड, मत्सर, धंद्यातली चुरस, बायकोचा राग, वाटणीवरून भांडण, पोलिसांबरोबर ऊठबस असण्याची हौस, आणि कधीकधी खरोखरची चीड. भंगारवाला, लॉजचा मॅनेजर, बारचा वेटर, जुना चोर जो आता म्हातारा झालाय, सोनार ज्याच्याकडे मोडीत आलेलं मंगळसूत्र संशयास्पद वाटलं, असे सगळे देतात. हेतू वाईट म्हणून बातमी खोटी ठरत नाही, हेही खरं. फक्त तिचं वजन करताना हेतूचं माप दुसऱ्या पारड्यात टाकायचं. जाणूनबुजून खोटी बातमी देऊन पोलिसांना कुणाच्या अंगावर सोडणं हा गुन्हाच आहे. पूर्वी आयपीसीचं कलम १८२ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं २१७.

याच कुजक्या जागेतून ‘झिरो’ जन्माला येतो. वाचणाऱ्यांपैकी ठाणे-कल्याणच्या लोकांना सांगायला नको. पोलीस नाही, पण बुलेटवर ‘पोलीस’ लिहिलेलं, पोलीस ठाण्यात टेबलावर पाय सोडून बसलेला, छाप्याला साहेबांच्या आधी पोचणारा. हप्ता तो गोळा करतो, मांडवली तो करतो. सुरुवात बहुतेकदा साध्या खबरीपासून झालेली असते. २००६ मध्ये वाशीतून उचललेल्या एका माणसाच्या बनावट चकमकीचा खटला चालला, त्यात २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांबरोबर काही खासगी माणसांनाही शिक्षा सुनावली होती. उच्च न्यायालयात त्यांतले काही जण सुटले, तो भाग वेगळा. पण पोलिसांच्या गाडीत खासगी माणूस बसतो, याचा शेवट कुठवर जाऊ शकतो ते त्या खटल्यात सगळ्यांनी पाहिलं. भाऊ अजून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढत नसेल, साहेबांबरोबर टपरीवर उभा राहत नसेल, तर तो शहाणा आहे.

संरक्षणाचं उत्तर कडू आहे. साक्षीदारांसाठी २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती कायद्यासारखी लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलीस धोक्याचा अहवाल देतात, मग घरावर पहारा, ओळख लपवणं, जागा बदलणं, असं काही मिळू शकतं. पण ती ‘साक्षीदार’ या शब्दावर उभी आहे. जो कागदावरच नाही, तो त्या योजनेतही नाही. नाव लपवण्याची किंमत ही अशी मोजावी लागते. उद्या भावाला प्रत्यक्ष धमकी आली, तर त्या धमकीचा स्वतंत्र गुन्हा असतो, आणि त्यात तो खबरी होता हे सांगायची गरज नसते. ती तक्रार शक्यतो त्याच साहेबांकडे नेऊ नका, त्या परिमंडळाच्या डीसीपींकडे, म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे न्या.

सीसीटीव्हीचं. यंत्रं आली आणि आमचं काम नक्कीच सोपं झालं. टॉवर डंप (एका टॉवरखालच्या सगळ्या फोनची यादी), सीडीआर (एका फोनच्या कॉलची नोंद), नाक्यानाक्यावर कॅमेरे. पण फोन कुठे होता हे यंत्र सांगतं, फोन कुणाच्या हातात होता ते सांगत नाही, आणि आता सगळे इंटरनेटवरून बोलतात, त्याचं काहीच सीडीआरमध्ये येत नाही. शिवाय यंत्रांची माहिती विकलीही जाते: २०१८ च्या सुरुवातीला ठाणे गुन्हे शाखेनेच बेकायदा सीडीआर मिळवून विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडलं होतं. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून नशेचा माल बनवायला लागणारं इफेड्रिन १८ टनांच्या वर जप्त केलं. परवाना असलेल्या कारखान्यातून माल गळतोय, हे नाक्यावरच्या कॅमेऱ्याला दिसत नसतं.

मंगळसूत्र चोरीची एक केस सांगतो. घोडबंदर रोडला दोघे मोटरसायकलवर, हेल्मेट घातलेले, नंबरप्लेट बनावट. फूटेज आम्ही तीन दिवस पुढेमागे करत होतो. चेहऱ्याचा पत्ता नाही. एका जुन्या माणसाला मोबाइलवर दहा सेकंद दाखवलं. तो म्हणाला, ‘पोरं आपल्या इकडची नाहीत, साहेब. गाडी इकडची आहे.’ कशावरून? ‘चेनचं कव्हर अर्धं कापलंय बघा, खालून तिरकं. असं एकच गॅरेजवाला कापतो, दिवा गावातला.’ आम्ही त्या फ्रेममध्ये माणसं बघत होतो, तो गाडी बघत होता. गॅरेजवाल्याकडून गाडी कुणाची ते कळलं, गाडीवाल्याकडून पोरं. कोर्टात यातलं त्या माणसाचं एक अक्षर गेलं नाही, जायची गरजही नव्हती. खबरीचं म्हणणं हा पुरावा नसतोच. पुरावा आम्हाला उभा करावा लागतो: आरोपीने काढून दिलेला मुद्देमाल, पंचनामा, ओळख परेड, फूटेज आणि त्याचं प्रमाणपत्र. ‘खबरीने सांगितलं म्हणून अटक केली’ एवढ्यावर उभी असलेली केस पहिल्या तारखेलाच लंगडते.

नव्या कायद्याने एक नवी काळजी आणली आहे, ती भावाला जरूर सांगा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण आता बंधनकारक आहे. चांगलं आहे, खोटे पंचनामे कमी होतील. पण आमच्या काळात खबरी लांबून खूण करायचा, डोक्यावरची टोपी काढायचा किंवा बिडी पेटवायचा, आणि गर्दीत मिसळायचा. आता हवालदाराच्या हातात मोबाइल चालू असतो. मागच्या बाजूला रिक्षाला टेकून उभा असलेला माणूस त्या व्हिडिओत येतो, आणि तो व्हिडिओ आरोपीच्या वकिलालाही मिळतो. छाप्याच्या वेळी भावाने त्या भागातच नसावं. खूण करायची असेल तर ती आधी करून निघून जावं.

फोनचंही तसंच. साहेबांनी बक्षीस यूपीआयवर पाठवलं तर घेऊ नये. असे पैसे पाठवणारे अधिकारी आहेत, मी पाहिलेत, आणि त्यांना काय म्हणावं कळत नाही. व्हॉइस मेसेज नको, फोटो नको. रिक्षा स्टँडवर फोन हातोहाती फिरतो, गाणी लावायला कुणीही मागतो.

शेवटचा प्रश्न बाहेर पडण्याचा. जरूर पडता येतं. काही गंभीर गुन्ह्यांची माहिती असेल तर ती पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला कळवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे, ते नव्या संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. पण रोजचा खबरी होण्याची सक्ती कुणावर नाही. ‘सोडलंस तर तुझ्यावरच केस टाकीन’ असं कुणी म्हणालं, तर वरिष्ठांकडे आणि तिथे दाद लागली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे लेखी जाता येतं. ज्याला एखादी गोष्ट सांगायची आहे पण कुणाचा माणूस व्हायचं नाही, त्याच्यासाठी अमली पदार्थांची १९३३ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे आपलं नाव न सांगता कळवता येतं.

भांडून सोडायची गरज बहुतेकदा पडत नाही. गुन्हे शाखेत अधिकाऱ्याचा मुक्काम साधारण तीन वर्षांचा, बदल्यांचा हंगाम एप्रिल-मे. दीड वर्ष झालं म्हणता, म्हणजे त्या साहेबांचा निम्मा मुक्काम तरी संपला. जाताना काही अधिकारी टेबलाच्या चार्जबरोबर खबरीही पुढच्याला देऊन जातात: ‘हा आपला पोरगा, चांगलं काम करतो.’ मी हे कधी केलं नाही. माझ्यावरचा विश्वास दुसऱ्याच्या नावावर चढवायचा अधिकार मला कुणी दिला होता? भावाने साहेबांना आत्ताच, बदलीचं पत्र यायच्या आधी, सांगून ठेवावं की माझा नंबर पुढे कुणाला देऊ नका. बरा अधिकारी असेल तर तो ऐकेल. आणि तरीही बदलीनंतर नव्या साहेबांचा फोन आलाच, तर बोलणं अगदी छोटं ठेवावं: ‘साहेब, मी आता रात्रीची रिक्षा चालवत नाही, मला काही कळत नाही.’